जुन्या इंजिनाचा ब्लॉक आणि नवा वेग

मोटारीचें झांकण कोणीं उघडलें कीं भोंवतीं मुलांची गर्दी जमते, हें आम्ही नेहमींच पाहतों. मध्यंतरीं इयत्ता नववींतील एका विद्यार्थ्यानें अमेरिकेंतील एका जुन्या फोर्ड मोटारीचें चित्र आम्हांस दाखविलें आणि विचारिलें, "सर, ही गाडी माझ्या आजोबांच्याहि आधींची. मग ती आजच्या गाड्यांच्या बरोबरीनें रस्त्यावर कशी धांवते? तिच्यांत नवें इंजिन घातलें असेल ना?" आम्हीं सांगितलें कीं, इंजिन जुनेंच आहे, परंतु तें पुन्हां घडविलेलें आहे. या उत्तरानें त्याचें समाधान झालें नाहीं, आणि तें होण्याजोगें नव्हतेंहि. म्हणून तोच विषय येथें थोडा विस्तारानें मांडीत आहों.

इंजिनाचा ब्लॉक म्हणजे इंजिनाचें धड होय. बिडाच्या या ओतीव ठोकळ्यांत सिलिंडर म्हणून गोल विवरें असतात. त्यांत दट्टे खालींवर सरकतात. तळाशीं त्या दट्ट्यांच्या जोरानें क्रँकशाफ्ट फिरतो. आणि सिलिंडरांच्या भोंवतीं पाणी खेळावें म्हणून पोकळी ठेविलेली असते. बाकीचे भाग बदलतां येतात. धड बिघडलें तर सारेंच बिघडलें.

चित्रांतील मोटारीचें इंजिन हेन्री फोर्ड यांच्या कारखान्यानें १९३२ सालीं प्रथम विकावयास काढलें. त्यांत आठ सिलिंडर असून ते चार-चारांच्या दोन ओळींत इंग्रजी व्ही अक्षरासारखे तिरपे मांडलेले होते. आठ सिलिंडरांचीं अशीं इंजिनें त्यापूर्वींहि होतीं. कॅडिलॅक मोटारींत तीं १९१४ पासून बसवीत असत. परंतु तीं श्रीमंतांच्या गाड्यांत. फोर्डच्या कारागिरांनीं दोन्ही ओळी एकाच ठोकळ्यांत ओतण्याची रीति मोठ्या प्रमाणावर साधली, आणि ५०० डॉलरांहून कमी किमतीच्या गाडींतहि हें इंजिन मिळूं लागलें. त्याचें आकारमान २२१ घन इंच व शक्ति ६५ अश्वशक्ति होती. १९३९ मध्यें मर्क्युरी गाडीसाठीं तेंच इंजिन वाढवून २३९ घन इंच व ९५ अश्वशक्ति करण्यांत आलें.

दक्षिण कॅलिफोर्नियांतील तरुणांस हें इंजिन म्हणजे पर्वणीच वाटली. जुन्या गाड्या स्वस्तांत घ्याव्या, वजन कमी करण्यासाठीं चाकांवरील पत्रे काढून टाकावे, इंजिन घरच्या पडवींत खोलून सुधारावें आणि म्युरॉकसारख्या कोरड्या सरोवरांच्या सपाट तळावर वेग मोजून पाहावा, असा त्यांचा छंद होता. या शर्यतींना शिस्त लावण्यासाठीं १९३७ सालीं सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन ही संस्था निघाली. १९४५ नंतर युद्धावरून परतलेल्या सैनिकांनीं हा छंद आणखी वाढविला. अशा गाडीस हॉट रॉड म्हणतात. अमेरिकेंत या इंजिनाची निर्मिति १९५३ सालीं थांबली. त्यामुळें आज हातीं येणारा ब्लॉक सत्तर वर्षांहून अधिक वयाचा असतो. तो एकदां वायां गेला कीं जुन्यांतील एक कमी झाला, हें ध्यानांत ठेवून कारागिरास काम करावें लागतें.

आतां या ब्लॉकाची विशेष अडचण पाहूं. आजच्या इंजिनांत झडपा, म्हणजे कारागीर ज्यांना व्हॉल्व्ह म्हणतात त्या, वरच्या डोक्यांत बसविलेल्या असतात. या फोर्ड इंजिनांत त्या ब्लॉकांतच सिलिंडरांच्या शेजारीं आहेत, आणि डोकें म्हणजे केवळ एक चपटें झांकण आहे. म्हणूनच त्यास फ्लॅटहेड असें नांव पडलें. यामुळें जळालेला तप्त वायु बाहेर जाण्याचा मार्गहि ब्लॉकाच्या पोटांतून, पाण्याच्या पोकळीला वळसा देऊन जातो. प्रत्येक ओळींतील मधल्या दोन सिलिंडरांना तर मिळून एकच वाट आहे. इतकी उष्णता पाण्यांत उतरते कीं पाणी पुरेसें खेळलें नाहीं तर इंजिन लवकर तापतें. आणि झडपेची बैठक व सिलिंडर यांच्यामधील अरुंद पट्टी या तापण्यानिवण्यानें तडकते.

दुसरी अडचण ओतकामाची. ब्लॉकांतील पोकळ्या ठेवण्यासाठीं साच्यांत वाळूचे गाभे बसवितात आणि त्यांच्या भोंवतीं रस ओततात. एखादा गाभा किंचित् सरकला तर सिलिंडरची भिंत एका बाजूस जाड व दुसऱ्या बाजूस पातळ होते. बाहेरून पाहणाऱ्यास हें मुळींच दिसत नाहीं.

म्हणून जाणता कारागीर कापण्याचें हत्यार हातीं घेण्यापूर्वीं ब्लॉक पूर्ण रिकामा करतो. गंजलेले स्टड तापवून, तेल पाजून, धीरानें काढावे लागतात. घाईनें पिळले तर ते ब्लॉकांतच तुटतात. मग ब्लॉक कॉस्टिक सोड्याच्या कढत पाण्यांत बुडवून ठेवतात. त्यानंतर पाण्याच्या वाटांतून तार व ब्रश घालून खरवडलें म्हणजे गंज आणि क्षार तर निघतातच, पण पुष्कळदां मूळ ओतकामाच्या वेळची गाभ्याची वाळूहि बाहेर पडते. इतकीं वर्षें ती तेथें बसून पाण्याची वाट अडवीत होती. तेलाच्या वाटांचींहि बुचें काढून त्या अशाच साफ करतात.

त्यानंतर परीक्षा. आपल्याकडील बायका बाजारांत मडकें घेतांना बोटानें वाजवून पाहतात. बद्द आवाज आला तर तें परत ठेवतात. ब्लॉकाचीहि अशीच परीक्षा असते, मात्र तिचे प्रकार तीन आहेत.

पहिली चुंबकाची. आमच्या विद्यार्थ्यांनीं पदार्थविज्ञानाच्या वर्गांत कागदावर लोखंडाचा कीस पसरून चुंबकाच्या रेषा पाहिल्याच आहेत. ब्लॉकाच्या एकेका भागास चुंबकत्व देऊन त्यावर लोखंडाची बारीक भुकटी टाकतात. जेथें चीर असेल तेथें चुंबकरेषा खंडित होऊन बाहेर येतात आणि भुकटी त्या चिरेवर ओळीनें गोळा होते. डोळ्यास न दिसणारी चीर अशी आपोआप रेखली जाते.

दुसरी परीक्षा दाबाची. पाण्याच्या पोकळीचीं सर्व तोंडें रबर व पट्ट्या लावून बंद करतात, आंत हवा भरतात आणि वरून साबणाचें पाणी लावतात. सायकलचें पंक्चर शोधण्याचीच ही रीति. बुडबुडा आला तेथें गळती.

तिसरी परीक्षा जाडीची. न ऐकूं येणाऱ्या सूक्ष्म ध्वनीचा ठोका भिंतींत सोडून त्याचा प्रतिध्वनि परत येण्यास किती वेळ लागला तें उपकरण मोजतें, व त्यावरून जाडी सांगतें. गाभा कोठें सरकला होता हें येथें उघड होतें.

या परीक्षांना वेळ व पैसा लागतो, आणि त्या टाळण्याचा मोह सर्वांस होतो. हा मोह किती महाग पडतो हें आम्हीं लहानपणीं घरींच पाहिलें आहे. आमच्या वडिलांच्या विहिरीवरील तेलाचें इंजिन धूर टाकूं लागलें, तेव्हां कारागिरानें आधीं ब्लॉक तपासण्यास दोन दिवस मागितले. कांदा पाण्यावांचून सुकत होता. वडिलांनीं ते दिवस दिले नाहींत. सिलिंडर नव्यानें कापून घेतला, नवा दट्ट्या बसविला, पदरचे सारे पैसे खर्च झाले. आठवड्याच्या आंत तेलांत पाणी उतरलें, कारण भिंतींत जुनी चीर होती. तो कांदा हातचा गेला, आणि त्या वर्षीं आमची शाळेची फी आईनें आपली बांगडी मोडून भरली. कारागिरास वडिलांनीं कधीं दोष दिला नाहीं.

चीर सांपडली म्हणजे ब्लॉक टाकूनच द्यावा असें मात्र नाहीं. स्टडाच्या छिद्रापासून पाण्याच्या छिद्रापर्यंत गेलेली लहान चीर दुरुस्त होऊं शकते. चिरेच्या रेषेवर ओळीनें भोकें पाडून, आटे घालून, लोखंडी खुंट्या एकमेकींत गुंतवून बसवितात. जणूं लोखंडाची शिवण. बिडास नुसता डाग देणें धोक्याचें असतें, कारण एकाच जागीं तापून निवतांना तें शेजारीं पुन्हां तडकतें. डाग द्यावयाचाच तर आधीं सबंध ब्लॉक तापवून मग सावकाश निववावा लागतो. परंतु अनेक सिलिंडरांच्या भिंतींत चिरा खोल गेल्या असतील तर शहाणा कारागीर ब्लॉक बाजूस ठेवून दुसरा शोधतो.

परीक्षेंत उतरलेला ब्लॉकच यंत्रावर चढतो. झिजलेला सिलिंडर लंबगोल झालेला असतो, तो कापून पुन्हां गोल करतात. येथें एक युक्ति आहे. डोकें बसवितांना प्रत्येक बाजूचे सर्व स्टड घट्ट आवळले जातात आणि त्या ताणानें सिलिंडर किंचित् वांकडा होतो. म्हणून कापण्याच्या शेवटच्या टप्प्यांत डोक्याच्या जागीं एक जाड पोलादी पट्टी तितक्याच जोरानें आवळून ठेवतात. म्हणजे गाडींत बसल्यावर सिलिंडर खरोखर गोल राहतो. शेवटचे कांहीं हजारांश इंच दगडानें घासून काढतात व भिंतीवर एकमेकांस छेदणाऱ्या तिरप्या बारीक रेषा ठेवतात. त्यांत तेल टिकतें. दट्टे आधीं आणून, मोजून, मग त्यांच्या मापानें विवर पुरें करतात, कारण ॲल्युमिनियमचा दट्ट्या बिडापेक्षां अधिक फुगतो व त्यास तेवढी जागा लागते. शेवटीं गरम पाणी व साबण यांनीं सर्व धुऊन पांढऱ्या कापडानें पुसतात. कापडावर डाग उठेनासा होईपर्यंत हें चालतें, आणि गंज चढूं नये म्हणून लगेच तेल लावतात.

शक्ति कशी वाढते हें विद्यार्थ्यांनीं वहींत करून पाहावें. २३९ घन इंचांच्या ब्लॉकाच्या सिलिंडरचा व्यास ३.१८७५ इंच व दट्ट्याची धांव ३.७५ इंच असते. व्यास एकअष्टमांश इंच वाढविला तर तो ३.३१२५ इंच होतो. वर्तुळाचें क्षेत्रफळ सुमारें ८.६२ चौरस इंच. १९४९ ते १९५३ च्या मर्क्युरीचा ४ इंच धांवेचा क्रँकशाफ्ट घातला तर एका सिलिंडरचें घनफळ सुमारें ३४.५ घन इंच, आणि आठांचें २७६. ब्लॉक तोच, पण प्रत्येक फेरींत पूर्वींपेक्षां शेंकडा १५ अधिक हवा व पेट्रोल आंत येतें. मात्र व्यास एकअष्टमांश वाढला म्हणजे प्रत्येक भिंत एकसोळांश इंच पातळ झाली. ती इतकें सोसेल कीं नाहीं, हें तिसऱ्या परीक्षेनें आधींच सांगितलेलें असतें. जेथें सोसणार नाहीं, तेथें कमी कापावें.

रस्त्यावरच्या गाडीस आणखी मर्यादा आहेत. शर्यतीची गाडी थोडा वेळ धांवून थांबते. रस्त्यावरची गाडी चौकांत उन्हांत उभी राहते, म्हणून रेडिएटर व पंप नव्या उष्णतेस पुरेसे हवेत. वायु अधिक दाबला तर शक्ति वाढते. १९३२ च्या इंजिनांत तो साडेपांच पट दाबला जाई. परंतु या रचनेंत हवा झडपेवरून वळून डोक्याच्या खालच्या पोकळींतून सिलिंडरांत जाते. दाब वाढविण्यासाठीं ती पोकळी फार आवळली तर हवेचीच वाट अडते. शिवाय १९३८ पर्यंतच्या फोर्ड गाड्यांचे ब्रेक दांड्यांनीं किंवा तारांनीं ओढले जात; तेलाच्या दाबाचे ब्रेक १९३९ पासून आले. इंजिनाचा जोर वाढवून ब्रेक जुनेच ठेवणारा मनुष्य स्वतःच्याच नव्हे, तर वाटेनें चालणाऱ्यांच्याहि जिवाशीं खेळतो.

आमच्या त्या विद्यार्थ्यास आतां त्याच्या प्रश्नाचें उत्तर मिळालें असेल. त्यानें मोठेपणीं यंत्रविद्या शिकावी अशी आमची इच्छा आहे. त्याचा हात चांगला आहे, पण तो घाई फार करतो. तो ज्या दिवशीं पहिलें इंजिन खोलील, त्या दिवशीं त्यानें हत्यार उचलण्यापूर्वीं ब्लॉक धुवावा, तपासावा, मोजावा आणि दोन दिवस अधिक लागले तर लागूं द्यावे. पालकांसहि आमची विनंति आहे कीं, कारागीर असे दोन दिवस मागेल तेव्हां ते त्यास द्यावे.