मोटार उडते, मग टायर का फुटत नाही?

पुस्तकाचा वाचक आपले मत बहुधा मनात ठेवतो. फार झाले तर संपादकांना चार ओळींचे पत्र लिहितो. सिनेमाचा प्रेक्षक मात्र थिएटरचा जिना उतरता उतरताच निकाल देऊन मोकळा होतो. हा निकाल वर्तमानपत्रांतल्या परीक्षणांशी जुळतोच असे नाही. आमच्या भिवंडीत तर तो सहसा जुळतच नाही, आणि म्हणूनच तो ऐकण्यासारखा असतो.

मी पडलो मराठीचा प्राध्यापक. सायंकाळी धामणकर नाक्यावर चहा घ्यावा आणि भेटेल त्याच्याशी बोलावे, हा माझा जुना शिरस्ता. २०२३ च्या मे महिन्यात ‘फास्ट अँड फ्युरिअस’ या इंग्रजी चित्रमालिकेचा दहावा भाग, म्हणजे ‘फास्ट एक्स’, आला आणि नाक्यावरच्या गप्पांना दुसरा विषयच उरला नाही. मी ज्याला त्याला विचारीत सुटलो, “काय हो, कसा वाटला?” उत्तरे अशी मिळाली की, ती कुठेतरी लिहून ठेवल्यावाचून राहवेना.

ज्यांच्या घरी हे वेड अजून शिरलेले नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. १९९८ साली अमेरिकेतल्या एका मासिकात, न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर रात्री मोटारींच्या चोरट्या शर्यती लावणाऱ्या तरुणांविषयी एक लेख आला. त्या लेखाच्या बीजातून २००१ साली पहिला चित्रपट निघाला. शर्यतखोरांच्या टोळीत वेष पालटून एक पोलीस शिरतो आणि टोळीच्या नायकाशी त्याची मैत्री जमते, एवढेच त्याचे कथानक. पुढे भाग वाढत गेले तसतशी गोष्ट रस्त्यावरून उठून आभाळात गेली. सातव्या भागात मोटारी विमानातून हवाई छत्र्यांनी खाली उतरल्या, अबूधाबीत एक मोटार एका मनोऱ्याच्या काचा फोडून शेजारच्या मनोऱ्यात शिरली. नवव्या भागात तर ती थेट अंतराळातच जाऊन पोहोचली! २०२१ साली तो भाग आला तेव्हा महाराष्ट्रातली चित्रपटगृहे साथीमुळे २२ ऑक्टोबरपर्यंत बंद होती. त्यामुळे आमच्याकडच्या बहुतेकांनी ते अंतराळगमन पुढे तळहाताएवढ्या मोबाइलवरच पाहिले. एका मुलाचे म्हणणे असे की, त्या आकारात ते खरे वाटते.

आता भिवंडीविषयी. शहरात यंत्रमागांची खडखड आणि शहराबाहेर गोदामे. काल्हेर, पूर्णा, राहनाळ, मानकोली, दापोडे या गावांतून एकेकाळी भात पिकत होता. आता तिथे मुंबईकरांच्या घरी जाणारे पंखे, पुस्तके, बूट आणि दूरदर्शन संच पत्र्याच्या छपराखाली थप्प्या लावून पडलेले असतात. रात्रंदिवस ट्रक येतात आणि जातात. तेव्हा या गावात मोटारींचा सिनेमा पाहणारा प्रेक्षक हा बराचसा मोटारीवर पोट असलेला प्रेक्षक आहे, हे ध्यानात ठेवावे.

याचा प्रत्यय मला पहिल्याच मुलाखतीत आला. माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील सिन्नरकडचे, वीस-बावीस वर्षे ट्रकवर ड्रायव्हर. त्यांनी मालिकेचा पहिला भाग टीव्हीवर हिंदीत पाहिलेला. त्यात नायकाची टोळी काळ्या मोटारी घेऊन महामार्गावरचे चालते ट्रक लुटते. आत डीव्हीडी प्लेअरसारखा किमती माल. शेवटच्या लुटीत ट्रकचा ड्रायव्हर बंदूक उचलतो आणि ट्रकवर अडकलेल्या एका लुटारूला गोळी घालतो. जगभरचे प्रेक्षक त्या क्षणी लुटारूसाठी जीव मुठीत धरून बसतात. आमचे ड्रायव्हरसाहेब मात्र खुर्चीत सरसावून बसले.

“सर, मला एक सांगा,” ते म्हणाले, “त्या ट्रकवाल्यानं कुणाचं काय वाकडं केलं होतं? माल त्याच्या ताब्यात, बिल्टीवर सही त्याची. सील तुटलं की मालक पहिला प्रश्न त्यालाच विचारणार. आणि सिनेमावाले त्याचं तोंडसुद्धा धड दाखवत नाहीत!”

मी साहित्यात ‘गौण पात्र’ ही संज्ञा आजवर पुष्कळ वेळा शिकवली आहे. पण गौण पात्राच्या बाजूने असा वकील उभा राहिलेला पाहिला नव्हता. पुढे त्यांनी जो प्रश्न विचारला तोच मी या लेखाचे शीर्षक म्हणून उचलला आहे. धरणाच्या भिंतीवरून मोटार खाली येते, विमानातून पडते, पुलावरून उडी मारते. मग टायर का फुटत नाही? “आमचा अंजूर फाट्यापाशीच फुटतो,” ते म्हणाले. यावर कोणत्याही समीक्षकाकडे उत्तर असेल असे मला वाटत नाही.

यंत्रमागावरच्या कामगारांचे मत निराळे. उत्तर प्रदेशातून, बिहारमधून आलेली ही माणसे एकेका खोलीत आठ-दहा जण राहतात, पाळीपाळीने झोपतात. त्यांच्यापैकी एकजण, वय असेल तिशीचे, मला हिंदीतून म्हणाला की, मोटारींचे काय, त्या सगळ्याच सिनेमांत असतात. यात शेवटी सगळे एका टेबलाशी जेवायला बसतात ते त्याला आवडते. मी चमकलो. कारण गोष्ट खरी आहे. पहिल्या भागापासून अंगणात पंगत मांडलेली असते, आणि जेवणाला हात घालण्यापूर्वी देवाचे नाव घ्यावे लागते. नायक डॉमिनिक टोरेटो तर दर पंधरा मिनिटांनी कुटुंबाचे नाव काढतो. त्यावर जगभर थट्टा चालते. इथे मात्र ती थट्टा कोणी करताना मला दिसले नाही. जो माणूस वर्षातून एकदा मुलाबाळांचे तोंड पाहतो त्याला त्या पंगतीत थट्टेजोगे काही दिसत नसावे. मला विचाराल तर या मालिकेचे खरे बळ इंजिनात नाही, ते या अंगणात आहे. आपल्या जुन्या कौटुंबिक बोलपटांनी जे केले तेच हे लोक चार चाकांवर बसून करीत आहेत.

घरचे मतही नोंदवले पाहिजे, नाहीतर दिवाळी गोड व्हायची नाही. मी आग्रहाने आमच्या सौभाग्यवतींना दहावा भाग पाहायला नेले. मध्यंतरापर्यंत त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, “अहो, यातले निम्मे पुरुष टकलेच कसे? एक मारतो, दुसरा मार खातो, आणि मला दोघे सारखेच दिसतात.” पुढे त्यांचा खरा राग निघाला तो शेवटावर. नायक आपल्या लहान मुलासह धरणाखालच्या पाण्यात, वर खलनायक, आणि तिथेच पडद्यावर नावे सुरू! पुढे काय झाले ते पुढच्या भागात. “पैसे पूर्ण घेतले आणि गोष्ट अर्धी सांगितली,” असा त्यांनी निकाल दिला. जिन्यावर हेच मत मी निदान दहा तोंडांतून ऐकले. हरदासाने आख्यान अर्ध्यावर सोडून आरतीचे ताट फिरवावे तसाच हा प्रकार. हे लिहीपर्यंत तरी उरलेली अर्धी गोष्ट आलेली नाही.

योगायोग पाहा. आपल्याकडे ‘फास्ट एक्स’ पडद्यावर आला तो १८ मे २०२३ रोजी, आणि त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने बैलगाडा शर्यतींना परवानगी देणारा महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला. २०१४ साली आलेली बंदी, २०२१ च्या डिसेंबरात मिळालेली सशर्त मोकळीक, आणि मग हा अंतिम निकाल. आमच्या आगरी गावांतून त्या दिवशी कोणत्या शर्यतीचा आनंद जास्त झाला असेल ते सांगायला नको. पूर्ण्याच्या वाटेवरचे एक म्हातारबाबा नातवाबरोबर सिनेमाही पाहून आले होते. त्यांना विचारले तर म्हणाले, “मास्तर, बैलाला दम लागला का तो थांबतं. या गारीला दम कवा लागतं?” ठाण्याच्या चित्रपटगृहातल्या गार हवेत ते अर्धा वेळ झोपले होते, असे नातवाने मागाहून सांगितले, पण म्हणून मताचे मोल कमी होत नाही.

आता ज्या कारणासाठी हा लेख लिहायला बसलो त्याकडे येतो.

त्या ड्रायव्हरसाहेबांचा मुलगा माझ्या वर्गात बसतो, असे वर म्हटले. खरे म्हणजे तो वर्गात क्वचितच बसे. हप्त्यांवर घेतलेली मोटारसायकल, आणि रात्री बारानंतर बायपासवर मित्रांची टोळी. वडील गाडीवर नाशिककडे गेलेले, आई दाराशी जागी. असे मुलगे केवळ भिवंडीतच आहेत असे नाही. २००४ साली ‘धूम’ आला तेव्हा मुंबईच्या मुलांनाही मोटारसायकलींचे असेच वारे शिरले होते. त्याचा दुसरा भाग २००६ साली आला तोवर ती मुले नोकरीला लागली आणि नवी मुले तयार झाली. पण दुसऱ्याच्या मुलाची गोष्ट वेगळी आणि आपल्या बाकावरच्या मुलाची वेगळी. वडिलांनी मला गाठून सांगितले, “सर, माझं तो ऐकत नाही. मी रस्त्यावरचाच माणूस, म्हणून तर ऐकत नाही. तुम्ही बोलून बघा.”

मी बोललो, पण उपदेश केला नाही. या मालिकेविषयी माझ्यापेक्षा त्याला दसपट ठाऊक, म्हणून त्यालाच विचारले की, सातवा भाग तुला इतका का आवडतो? २०१५ च्या एप्रिलमध्ये आलेल्या त्या भागाने जगभरात दीडशे कोटी डॉलरांहून अधिक कमाई केली, आपल्याकडेही शंभर कोटी रुपयांचा टप्पा ओलांडला. त्या वेळी हा मुलगा जेमतेम दहा वर्षांचा. तो म्हणाला, “सर, शेवटासाठी. पॉल वॉकर गेला होता ना.”

ती हकीकत पुष्कळांना माहीत असेल. पॉल वॉकर हा मालिकेतला पोलीस झालेला नट. सातव्या भागाचे चित्रण अर्धवट असताना, ३० नोव्हेंबर २०१३ रोजी, कॅलिफोर्नियात मोटार अपघातात तो वारला. वय अवघे ४०. चित्रपट अडला. मग त्याच्या दोन सख्ख्या भावांना त्याच्या जागी उभे करून, त्यांच्या अंगावर संगणकाने त्याचा चेहरा बसवून उरलेले काम पुरे केले गेले. शेवटच्या दृश्यात दोन मित्रांच्या मोटारी काही वेळ शेजारून धावतात, मग रस्त्याला फाटा फुटतो आणि एक मोटार दुसरीकडे वळते. एवढेच. ना स्फोट, ना मारामारी. त्या दृश्याला यंत्रमागावरची धिप्पाड माणसे डोळे पुसताना पाहिल्याचे मला अनेकांनी सांगितले आहे.

“आणि अपघात कसा झाला?” मी विचारले.

मुलाने सगळे पाठ म्हणून दाखवले. पोर्शे कंपनीची मोटार. रस्त्याची मर्यादा ताशी ७२ किलोमीटरची, आणि मोटार होती १३० ते १५० च्या दरम्यान, असे तपासात निघाले. मग जरा थांबून तो म्हणाला, “पण सर, तो चालवत नव्हता. मित्र चालवत होता. हा शेजारी बसला होता.”

मी काही बोललो नाही. त्याच वर्षीच्या जुलैत, पहिल्या मोठ्या पावसात, याची मोटारसायकल बायपासवर घसरली होती. याला खरचटले एवढेच. मागे बसलेला मित्र, तोही माझाच विद्यार्थी, दोन महिने पाय प्लॅस्टरमध्ये घालून पडून होता. त्याला मी भेटायला गेलो होतो तेव्हा तो खाटेवर मोबाइल पोटावर ठेवून हीच मालिका पुन्हा पहिल्यापासून पाहत होता. मी नेहमीचा प्रश्न विचारला. तो म्हणाला, “सर, ब्रेक मारल्यावर गाडी थांबायला किती जागा लागते, ते दहा सिनेमांत एकदाही दाखवलेलं नाही.” परीक्षणे मी पुष्कळ वाचली. इतके नेमके एकही नव्हते.

हिशेब सोपा आहे. ताशी १२० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. डोळ्याने पाहून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरा. तेवढ्यात आपली इमारत आणि शेजारची इमारत मागे पडते, आणि मोटार अजून थांबायला लागलेलीही नसते. हा आकडा आता भिवंडीकरांच्या दाराशी आला आहे. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा ७६ किलोमीटरचा तुकडा खुला झाला, आणि नागपूरहून निघालेला ७०१ किलोमीटरचा रस्ता आमच्या तालुक्यात येऊन थांबला. त्यावर मोटारींना १२० ची मुभा आहे. मोटारसायकलींना प्रवेशच नाही. याच मार्गावर १ जुलै २०२३ रोजी बुलढाणा जिल्ह्यात बस उलटून पेटली आणि २५ माणसे गेली, हे आपण विसरलो नसू. ड्रायव्हरसाहेबांना विचारले तर ते रस्त्याला नावे ठेवीत नाहीत. रस्ता उत्तम आहे, म्हणतात. फक्त सरळ रस्त्यावर डोळा लागतो, ते सिनेमातल्या कोणाला कधी होत नाही.

मुलाची मोटारसायकल अजून आहे. हप्ते तो आता स्वतः भरतो. मानकोलीच्या एका गोदामात दुपारच्या पाळीला मालाची नोंद ठेवतो. रात्रीची टोळी पूर्ण सुटली की नाही, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. आई मात्र अलीकडे दहाला झोपते असे कळते. त्या मित्राचा पाय बरा झाला, थोडा ओढत चालतो. दोघे एकाच बाकावर बसून परीक्षेला आले आणि मराठीत दोघेही उत्तीर्ण झाले.

परवा नाक्यावर तिघे एकत्र भेटले, मुलगा, मित्र आणि वडील. पुढचा भाग कधी येणार यावर मुलांची हुज्जत चालली होती. वडिलांनी आपणही थिएटरात येणार असे जाहीर केले. मात्र त्यांची एक अट आहे. यात कुठे ट्रकवाला असेल तर या खेपेस त्याचे तोंड नीट दाखवले पाहिजे, आणि त्याचा माल ठिकाणावर पोहोचला पाहिजे.