बातम्यांच्या मागची खिडकी

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी लोधीखेड्याच्या घरी आम्ही मराठी बातम्या लावल्या होत्या. खालच्या पट्टीवर अक्षरं सरकत होती: मुंबईत मुसळधार पाऊस, लोकल उशिरा. निवेदिकेच्या मागे मात्र एक मोठी खिडकी, खिडकीत समुद्र, वर निळंशार आभाळ आणि इमारतींवर कोवळं ऊन. आजीने चष्मा सावरला आणि म्हणाली, "पाणी कुठी पडून राह्यलं बाप्पा? ऊन तं दिसून राह्यलं." मी तिला सांगितलं की ती खिडकी नाही, चित्र आहे. तिने लगेच विचारलं, "मंग खिडकी कायले दाखोते थे?"

मला उत्तर देता आलं नाही. म्हणून मी हा विषय वाचायला घेतला. टीव्हीच्या स्टुडिओत खरी खिडकी ठेवणं शक्य आहे का, ते इतकं अवघड का आहे, आणि तरीही काही लोकांनी तो खटाटोप का केला, हे या लेखात सांगण्याचा प्रयत्न करते.

रस्त्यावरचा स्टुडिओ

ही कल्पना सत्तर वर्षांहून जुनी आहे. अमेरिकेतल्या एनबीसी वाहिनीने १४ जानेवारी १९५२ रोजी 'टुडे' हा सकाळचा कार्यक्रम सुरू केला. तेव्हा सकाळी टीव्ही बघायची कोणाला सवयच नव्हती. कार्यक्रमाचे जनक पॅट वीव्हर आणि निवेदक डेव्ह गॅरोवे. न्यूयॉर्कच्या ४९व्या रस्त्यावर तळमजल्याला आरसीए कंपनीचं प्रदर्शनाचं दालन होतं, दुकानासारखं, रस्त्याकडे मोठी काच असलेलं. तिथेच स्टुडिओ थाटला. ऑफिसला निघालेले लोक काचेपाशी थांबायचे, आत डोकावायचे, घरच्यांना दिसावं म्हणून हात हलवायचे. कार्यक्रम सुरू व्हायचा सात वाजता. जानेवारीत न्यूयॉर्कमध्ये सूर्य उगवतो सव्वासातनंतर. म्हणजे पहिल्या दिवशी कार्यक्रम सुरू झाला तेव्हा त्या खिडकीबाहेर सूर्य उगवायचाच होता. प्रेक्षकाच्या घरात उजाडत होतं तसं पडद्यावरही उजाडत होतं.

पण ही खिडकी टिकली नाही. १९५८मध्ये कार्यक्रम समोरच्या इमारतीतल्या बंद स्टुडिओत गेला. १९६२मध्ये पुन्हा रस्त्यालगतच्या काचेच्या जागेत आला. १९६५मध्ये सगळं रंगीत करायचं ठरलं, तेव्हा परत आत गेला. रंगीत कॅमेरे फार महाग होते, आणि रोजच्या दोन तासांसाठी ते त्या वेगळ्या जागेत अडकवून ठेवणं परवडणारं नव्हतं. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षं खिडकी नव्हती. जून १९९४मध्ये रॉकफेलर प्लाझाच्या कोपऱ्यावर 'स्टुडिओ १ए' सुरू झाला आणि खिडकी परत आली. बाहेरच्या गर्दीमुळे कार्यक्रम इतका गाजला की स्पर्धक एबीसीने १९९९मध्ये आपला 'गुड मॉर्निंग अमेरिका' थेट टाइम्स स्क्वेअरला नेला.

खिडकी येते, जाते, पुन्हा येते. याचं मोठं कारण प्रकाश आहे.

फादर काळे, मग पिवळे

लॉकडाउनमध्ये चर्च बंद होती तेव्हा अनेक ठिकाणांहून मिस्सा मोबाईलवर थेट दाखवायचे. मी बघायचे त्या एका चर्चमध्ये वेदीच्या मागे पूर्वेकडे रंगीत काचांची खिडकी होती. सकाळी सातच्या मिस्साला ती खिडकी झळझळायची, आणि तिच्यापुढे उभे असलेले फादर म्हणजे नुसती काळी आकृती! मोबाईलवर बोट ठेवून चेहरा उजळवला की फादर दिसायचे, पण खिडकी पांढरीफटक व्हायची. शेवटी कोणीतरी वेदीच्या दोन्ही बाजूंना हॅलोजनचे दिवे लावले. आता खिडकीही दिसली, फादरही दिसले, फक्त फादर कावीळ झाल्यासारखे पिवळे दिसत होते.

स्टुडिओ बांधणाऱ्या इंजिनिअरपुढे नेमक्या याच दोन अडचणी असतात.

पहिली अडचण उजेडाच्या प्रमाणाची. उजेड मोजायचं एकक लक्स. टीव्ही स्टुडिओत निवेदकावर साधारण हजार लक्सच्या आसपास उजेड असतो. बाहेर चांगलं ऊन असेल तर पन्नास हजार ते लाख लक्स. आपला डोळा एवढा फरक सहज सांभाळून घेतो, कॅमेरा घेत नाही. मग दोनच मार्ग उरतात: आतला उजेड वाढवा, नाहीतर बाहेरचा कमी करा. आत फार दिवे लावले तर निवेदक घामाघूम होतो आणि त्याचे डोळे दिपतात. म्हणून काचेवर करडी फिल्म किंवा करडे ॲक्रिलिकचे तावे बसवतात. या करडेपणाला स्वतःचा रंग नसतो, ते फक्त उजेड गाळतं. एक ताव निम्मा उजेड आत सोडतो, त्याहून गडद ताव पाव, त्याहून गडद एक अष्टमांश. पन्नास हजार लक्सचं दृश्य अष्टमांश झालं की सहा हजारांवर येतं, आणि मग निवेदकाचा चेहरा व बाहेरचा रस्ता एकाच चित्रात मावतात.

पण सकाळच्या कार्यक्रमाची गोष्ट आणखी किचकट आहे. सहा वाजता बाहेर अंधार, साडेसहाला झुंजूमुंजू, आठला लख्ख ऊन. आठ वाजताच्या हिशोबाने काच गडद केली तर सहा वाजता खिडकीत काहीच दिसणार नाही. कार्यक्रम चालू असताना तावे बदलत बसणं म्हणजे कसरत. यावर एक सुरेख उपाय आहे. काचेवर ध्रुवीकरण करणारी फिल्म लावायची. ती प्रकाशाच्या लहरींना एकाच दिशेने कंप पावू देते. तशीच दुसरी फिल्म कॅमेऱ्याच्या लेन्सवर बसवायची, पण फिरवता येईल अशी. दोन्हींची दिशा जुळली की खिडकी उजळ दिसते, लेन्सवरची फिरवत नेली की खिडकी हळूहळू गडद होते. गंमत अशी की निवेदकावर फारसा परिणाम होत नाही, कारण त्याच्या चेहऱ्यावरून येणारा प्रकाश त्या काचेतून आलेलाच नसतो. ध्रुवीकरणाचे दोन चष्मे एकावर एक धरून एक फिरवा, लगेच समजेल.

दुसरी अडचण रंगाची. उजेडाचा रंग केल्विनमध्ये सांगतात. दुपारच्या दिवसाचा उजेड साधारण ५६०० केल्विन, म्हणजे निळसर. हॅलोजनचा ३२०० केल्विन, म्हणजे पिवळट. कॅमेऱ्याला एका वेळी एकच पांढरा रंग खरा मानता येतो. खिडकीला खरं मानलं की फादर पिवळे, फादरना खरं मानलं की खिडकी निळी. पूर्वी यावर खिडकीलाच नारिंगी कागद लावायचे. आता एलईडी दिव्यांचा रंग आतून बदलता येतो, त्यामुळे बाहेरची सकाळ पुढे सरकते तसे आतले दिवेही सरकवता येतात.

काच, आवाज आणि दिशा

प्रकाश सांभाळला की काच स्वतःच त्रास द्यायला लागते. आमचं लोधीखेडा तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ओळखलं जायचं. घासून लखलखीत केलेल्या घागरीत अख्खी खोली दिसते, तसंच काचेत दिवे, कॅमेरे आणि कॅमेरामन दिसतात. म्हणून काच सरळ उभी न ठेवता थोडी तिरपी बसवतात, म्हणजे प्रतिबिंब छताकडे किंवा जमिनीकडे जातं. कॅमेऱ्यामागची भिंत काळी ठेवतात, तिथे काम करणारेही गडद कपडे घालतात.

आवाजासाठी एक जाड काच पुरत नाही. वेगवेगळ्या जाडीच्या दोन-तीन काचा, मध्ये हवेची पोकळी ठेवून बसवाव्या लागतात. सारख्या जाडीच्या काचा एकाच सुरावर थरथरतात आणि तो सूर आत येतो. जाडी वेगळी असली की एकीतून सुटलेला सूर दुसरी अडवते.

आणि दिशा. चित्रकार उत्तरेकडची खिडकी पसंत करतात, कारण तिथून थेट ऊन येत नाही. सकाळच्या कार्यक्रमाला पूर्वेची खिडकी दिली तर सूर्य सरळ लेन्समध्ये शिरतो. न्यूयॉर्कच्या त्या स्टुडिओंना उंच इमारतींचा एक फायदा होतो: रस्त्यावर दिवसभर बरीचशी सावलीच असते. आपल्याकडे उघड्या मैदानासमोर काच लावली तर एवढी सोय नाही. वर मे महिन्याची उष्णता, धूळ आणि हॉर्न. भारतातले बहुतेक स्टुडिओ बंद पेट्यांसारखे का आहेत, हे यावरून लक्षात येतं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं. तिथे स्मिता पाटील, प्रदीप भिडे यांच्यासारख्यांनी बातम्या दिल्या आणि लोकांनी विश्वासाने ऐकल्या. त्यांच्या मागे खिडकी नव्हती, आणि कोणी ती मागितलीही नाही.

मग खिडकीचं चित्र का नको?

आज खर्च वाचवायचा सोपा मार्ग आहे: मागे एलईडीची भिंत उभी करायची. तीवर समुद्राचं जुनं चित्रीकरण दाखवा, नाहीतर गच्चीवरच्या कॅमेऱ्याचं थेट दृश्य दाखवा. मोठ्या वाहिन्याही खिडक्या सोडत आहेत. सिडनीच्या मार्टिन प्लेसमधला 'सनराइज'चा काचेचा स्टुडिओ २०२३मध्ये सुटला. 'गुड मॉर्निंग अमेरिका'ने २०२५मध्ये टाइम्स स्क्वेअर सोडला.

चित्रातली खिडकी कशी ओळखायची? कॅमेरा सरकताना बघा. नागपूरच्या बसमध्ये खिडकीपाशी बसलं की जवळची झाडं पळतात आणि दूरचे सातपुड्याचे डोंगर जागेवरच असल्यासारखे वाटतात. खऱ्या खिडकीत असंच होतं. भिंतीवरच्या चित्रात जवळचं आणि दूरचं एकत्रच सरकतं.

पण मला महत्त्वाचा वाटतो तो दुसराच फरक. चित्र आधी कोणीतरी निवडलेलं असतं. खिडकीत काय येईल हे कोणाच्याच हातात नसतं. १५ डिसेंबर २०१४ला सकाळी मार्टिन प्लेसमधल्या एका कॅफेत बंदूकधारी माणसाने लोकांना ओलीस धरलं. तो कॅफे त्या वाहिनीच्या स्टुडिओच्या अगदी समोर होता. काचेला हात टेकवून उभ्या असलेल्या ओलिसांची दृश्यं जगाने समोरून बघितली, आणि थोड्याच वेळात स्टुडिओ रिकामा करावा लागला. ज्या काचेबाहेर रोज लोक हसत हात हलवायचे, तिच्याच बाहेर ते घडलं. खिडकी ठेवली की हाही धोका पत्करावा लागतो. आजीने बघितलेल्या खिडकीत तो धोका नव्हता. म्हणूनच मुंबई पाण्यात असताना तिच्यात ऊन पडू शकलं.

कोणाची सकाळ?

अर्थात खरी खिडकीही निष्पाप नसते. ती कुठल्या रस्त्यावर उघडायची हे कोणीतरी ठरवतंच. २०००मध्ये ईटीव्ही मराठी सुरू झाली, तेव्हा तिच्या मराठी बातम्या हैदराबादजवळच्या रामोजी फिल्म सिटीतून दिल्या जायच्या. तिथे खिडकी असती तर बातमी मराठी आणि बाहेरचं आभाळ तेलंगणाचं, असं झालं असतं.

आमच्या भागाचं तर काय सांगावं! सौंसर-पांढुर्ण्यात घरोघरी मराठी बोलतात, पण राज्य मध्य प्रदेश. २०२३मध्ये पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला. मराठी वाहिन्यांच्या मागे मुंबईचा समुद्र असतो, राज्याच्या हिंदी वाहिन्यांच्या मागे भोपाळचा तलाव. आमच्याकडे कॅमेरे वळतात ते वर्षातून एकदा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, जाम नदीवर गोटमार असते तेव्हा. त्या दिवशी दगड दिसतात, डोकी फुटलेली दिसतात. बाकी दिवसांचं गाव, म्हणजे संत्र्यांच्या पेट्या भरणारे हात, कापसाच्या गाड्या, नागपूरच्या बससाठी ताटकळलेली कॉलेजची पोरं, यांची सकाळ कुठल्याच पडद्यावर होत नाही. सूर्यसुद्धा आमच्याकडे मुंबईच्या वीस ते तीस मिनिटं आधी उगवतो. जानेवारीत सातच्या बातम्या लागतात तेव्हा आमच्या अंगणात ऊन असतं आणि मुंबईत अजून सूर्योदय व्हायचा असतो.

म्हणून आपल्या मंडळापुढे एक सूचना ठेवते. आपण दर आठवड्याला मोबाईलवर वार्तापत्र करतो, आणि दर वेळी मागे पुस्तकांच्या कपाटाचं तेच चित्र टाकतो. मंडळाच्या खोलीला उत्तरेकडे खिडकी आहे. मे ते जुलैमध्ये सकाळी थोडं तिरपं ऊन येतं, एरवी उजेड सौम्य असतो. वाचणाऱ्याला खिडकीपासून हातभर पुढे आणि थोडं बाजूला बसवायचं. खोलीतले पिवळे दिवे बंद. समोरून एक पांढरा एलईडी. मोबाईलवर चेहऱ्याला बोट लावून उजेड तिथेच लॉक करायचा. मोबाईलच्या मागे काळी चादर टांगायची, म्हणजे काचेत आपण दिसणार नाही. बाहेर कोणी हात हलवला तर हलवू द्यायचा.

आणि सुट्टीत जो ज्या गावी जाईल, त्याने तिथल्या खिडकीपुढे बसून एक वार्तापत्र करायचं. पहिलं लोधीखेड्याचं मी करीन, आजीच्या घरून. काळी चादर कोणाकडे असेल तर सोमवारी घेऊन या.