लोणारचे विवर बोटांनी वाचताना

बुलढाणा जिल्ह्यातल्या वर्गात लोणारचा विषय निघाला, की फळ्यावर बहुधा एक खोल वाटी काढली जाते. चित्र सोपे असते, पण ज्या मुलाला दिसत नाही त्याच्यापर्यंत ते पोहोचत नाही आणि ज्यांना दिसते त्यांना चुकीचे सांगते. लोणारच्या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आणि काठापासून तळापर्यंतची खोली साधारण १५० मीटर आहे. म्हणजे रुंदी खोलीच्या बारापट. १ सेंटिमीटरला ३० मीटर असे प्रमाण धरून शाडूची किंवा कागदाच्या लगद्याची प्रतिकृती केली, तर ती ६० सेंटिमीटर रुंद आणि जेमतेम ५ सेंटिमीटर खोल होते. लोणारचा घाट वाटीचा नाही, परातीचा आहे. भोवतालच्या जमिनीपेक्षा सुमारे २० मीटर उंच उठलेला काठ या प्रमाणात अर्ध्या सेंटिमीटरहून थोडा जास्त भरतो. तो नजरेतून निसटेल, पण बोटाला लगेच लागतो. अशनी आदळल्यावर उचलले गेलेले बेसाल्टचे थर आणि बाहेर फेकला गेलेला खडक तिथे आहे, हे त्या उंचवट्यावरून बोट फिरवताना सांगितले की समजावून सांगायला फारसे काही उरत नाही.

अशी प्रतिकृती एका दृष्टिहीन मुलासाठी केली तरी वर्गातली सगळी मुले तिच्याभोवती गोळा होतात, आणि प्रमाणाचे गणितही त्यांच्याकडून आपसूक होऊन जाते. समावेशित पाठरचनेचा गाभा इथेच आहे. पाठ आधी एका ठरावीक मुलासाठी बसवायचा आणि बाकीच्यांसाठी मागाहून ठिगळे लावायची, असे न करता वर्गात कोण कोण बसते याचा विचार पाठ टाचण लिहितानाच करायचा. ही कल्पना बांधकामातून आली. पोलिओमुळे चाकाच्या खुर्चीवर वावरणारे अमेरिकी वास्तुविशारद रोनाल्ड मेस यांनी इमारती सुरुवातीपासूनच सर्वांसाठी बांधण्याचा विचार मांडला. पुढे १९८४ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यात सुरू झालेल्या ‘कास्ट’ या संस्थेने तो शिक्षणात आणला आणि त्याला सार्वत्रिक अध्ययन रचना म्हटले. मुलाला विषयात ओढण्याच्या, माहिती पोहोचवण्याच्या आणि समजलेले व्यक्त करून घेण्याच्या वाटा एकाहून अधिक असाव्यात, हे तिचे सार.

लोणारच्या पाण्याचा पाठ या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. सरोवराचे पाणी अल्कधर्मी आहे, हे वाक्य पाठ करण्याजोगे असते, समजण्याजोगे नसते. हळदीचा डाग साबणाने धुतला की लाल होतो, हे मात्र घराघरात माहीत असते. हळदीत बुडवून वाळवलेल्या कागदाच्या पट्टीवर साबणाचे पाणी टाकले, की ती लाल होते. ऐकू न येणाऱ्या मुलाला त्यासाठी भाषणाची गरज नसते. तेच पाणी दोन बोटांत चोळले की बुळबुळीत लागते. ते दृष्टिहीन मुलासाठी. एकाच द्रावणाने दोघांचे काम होते आणि खर्च जवळजवळ शून्य. २०२० च्या जूनमध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याच्या नमुन्यांचा अभ्यास केला. बाष्पीभवनाने खारटपणा वाढला आणि क्षारप्रिय सूक्ष्मजीव फोफावले, हे त्यामागचे कारण. जन्मतः न दिसणाऱ्या मुलाला गुलाबी रंग हातात देता येत नाही. कारण मात्र देता येते. विदर्भातल्या उन्हाळ्यात ताटलीभर खारे पाणी उन्हात ठेवले, की त्याच्या कडेला जमलेला खरखरीत थर बोटांनी चाचपता येतो.

श्रवणदोष असलेल्या मुलाची अडचण बरेचदा यंत्रापाशी नसते, वर्गात कोण कुठे उभे आहे यापाशी असते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने घसरते. श्रवणयंत्र आवाज मोठा करते, पण सोबत पंख्याची घरघर, बाकांची खरखर आणि श्रावणात पत्र्यावर आपटणारा पाऊसही मोठा करते. म्हणून यंत्र असूनही मूल पुढे, शिक्षकाच्या जवळ बसलेले हवे. शिक्षकाच्या पाठीशी खिडकी नको, कारण उजेड मागून आला की ओठ काळे दिसतात. फळ्याकडे तोंड करून बोललेले वाक्य त्या मुलासाठी बोललेलेच नसते. विवर, अशनी, क्षार हे नवे शब्द आदल्या दिवशी चिठ्ठ्यांवर लिहून प्रतिकृतीवर टोचले, तर तासाला ते अनोळखी राहत नाहीत. मूल खुणांची भाषा वापरत असेल, तर नवी दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा दहा हजार शब्दांचा शब्दकोश चित्रफितींच्या रूपात उपलब्ध आहे.

श्रवणयंत्राची निगा हा स्वतंत्र विषय आहे, आणि यंत्रे बंद पडून राहण्याचे मोठे कारणही तोच. झिंक-एअर सेलवरची चिकटपट्टी काढली, की तो हवेशी संयोग पावून झिजू लागतो, मग यंत्र चालू असो वा बंद. तो साधारण एक-दोन आठवडे टिकतो. मूल वाढते तसा कानही वाढतो. जुना साचा सैल झाला की यंत्र शिट्टी मारते आणि मूल ते खिशात ठेवू लागते. यंत्र मिळाले, एवढी नोंद रजिस्टरमध्ये असून भागत नाही. सेल कोण आणणार आणि साचा पुन्हा कधी घेणार, हे त्याच ओळीत लिहिलेले हवे.

साहित्य मुलापर्यंत येण्याची वाट ठरलेली आहे. एनसीईआरटीच्या ‘प्रशस्त’ अ‍ॅपवर पहिली पडताळणी नेहमीचा वर्गशिक्षक करतो, पुढची विशेष शिक्षक करतो. मग तपासणी शिबिर, प्रमाणपत्र, आणि कानपूरच्या अ‍ॅलिम्को या सरकारी उत्पादकाकडून आलेली चाकाची खुर्ची, कॅलिपर, ब्रेल संच किंवा श्रवणयंत्र. १९९५च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ते २१ केले, आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता व स्वमग्नताही त्यात आल्या. किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क याच कायद्यात आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिक स्तरावर १० आणि उच्च प्राथमिकला १५ विशेष गरजा असणाऱ्या मुलांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण सांगितले. पण १३ तालुक्यांच्या या जिल्ह्यात अशी मुले एका शाळेत दहा नसतात. एका गावात एक, पुढच्या गावात दोन, अशी विखुरलेली असतात. गट साधन केंद्रातून विशेष शिक्षक येतो तो एखाद्या दिवशी. उरलेले सगळे दिवस वर्गशिक्षकाचे असतात, म्हणून त्याला थोडे ब्रेल आणि थोडे मोबाइलचे तंत्र यायलाच हवे.

ब्रेलची धास्ती अनाठायी आहे. एका घरात सहा टिंबे, त्यांच्या ६३ रचना. भारतीय भाषांसाठी १९५१ मध्ये ठरलेली भारती ब्रेल उच्चाराच्या क्रमाने चालते. छापील मराठीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी येते. ब्रेलमध्ये ती नंतर. ‘विवर’ हा शब्द व, इ, व, र अशा चार घरांत मावतो. ब्रेल पाटीवर टोचणीने लिहिताना उजवीकडून डावीकडे जायचे असते आणि कागद उलटला की डावीकडून उजवीकडे वाचायचे असते, एवढी एक सवय लावून घ्यावी लागते. नकाशासाठी खास यंत्र लागत नाही. कागदावर डिंकाने सुतळी चिकटवली की नदी होते, ज्वारीचे दाणे लावले की गावे होतात. खामगाव-मलकापूरच्या कापूसपट्ट्यात सरकीला तोटा नाही, आणि संख्यारेषेवर दर दहाव्या खुणेला एक सरकी चिकटवली की दशक बोटाला सापडते.

स्मार्टफोनने मोठा बदल घडवला, कारण तो घरात आधीच असतो. अँड्रॉइड फोनमधील टॉकबॅक पडद्यावरचे मराठी वाचून दाखवते, बोललेले मराठी टंकित होते आणि छापील पानावर कॅमेरा धरला की मजकूर ओळखला जातो. संगणकासाठी एनव्हीडीए हे मोफत वाचक आहे; ते २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातील दोन दृष्टिहीन तरुणांनी सुरू केले. इथे अडथळा येतो तो फाँटचा, आणि त्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. कृतिदेव किंवा जुन्या श्रीलिपीत टंकलेली प्रश्नपत्रिका पडद्यावर देवनागरी दिसते, पण आत रोमन अक्षरे आणि चिन्हेच असतात. वाचक ती तशीच, अर्थहीन बडबडतो. ग्रुपवर टाकलेला कागदाचा फोटो तर त्याच्यासाठी मुकाच. तोच मजकूर युनिकोडमध्ये लिहिला की ऐकू येतो. यासाठी ना निधी लागतो ना शिबिर. शाळेने युनिकोडमध्येच टंकन करायचे ठरवले की काम झाले.

वाचनातली अडचण दिसायला डोळे ठीक आणि ऐकायला कान ठीक असतानाही असू शकते. मराठीत ती घ आणि ध, भ आणि म, थ आणि य यांच्या गोंधळात, मागेपुढे होणाऱ्या वेलांट्यांत आणि जोडाक्षरांवरच्या अडखळण्यात दिसते. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये आणलेला ‘डाली’ हा चाचणीसंच मराठीतही आहे, त्यामुळे इंग्रजी चाचण्यांच्या भाषांतरावर विसंबण्याची गरज राहिली नाही. अशा मुलाला मोठा ठसा, ओळींत मोकळी जागा आणि धड्याचे ध्वनिमुद्रण मिळाले, की आशय समजून घेण्याची वाट मोकळी होते. वाचनाचा सराव वेगळ्या वेळी चालू ठेवता येतो.

जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत, सातपुड्याच्या पायथ्याशी, मात्र निदान करताना सावध राहावे लागते. तिथे कोरकू बोलणारी मुले आहेत, आणि जळगाव जामोदच्या काही गावांत निहाली बोलली जाते. या भाषेचे कोणत्याही ज्ञात भाषाकुळाशी नाते सिद्ध झालेले नाही. पहिलीतले असे मूल मराठी प्रश्नाला गप्प राहिले, तर त्याला ऐकू येत नाही किंवा समज कमी आहे असा शेरा घाईने मारला जाण्याचा धोका असतो. पडताळणीचा प्रश्न आधी त्याच्या घरच्या भाषेत विचारला गेला पाहिजे, मग तो आजीने विचारला तरी चालेल. तिच्याच आवाजात वस्तूंची नावे फोनवर मुद्रित करून घेतली, तर पहिलीच्या वर्गासाठी तयार श्राव्य साहित्यही हाती येते.

मूल्यमापन वेगळेच राहिले, तर पाठात केलेले सगळे फुकट जाते. प्रतिकृती हाताळून शिकलेल्या मुलाला परीक्षेत ‘आकृती काढा’ म्हटले, तर त्याच्या डोळ्यांची परीक्षा होते, भूगोलाची नाही. त्याने मातीचा काठ उठवून दाखवावा, कोणी तोंडी सांगावे, कोणी चिठ्ठ्या योग्य जागी टोचाव्यात. बोर्डाच्या परीक्षेत लेखनिकाची सवलत आहे, आणि २०१८च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे दर तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ आहे. पण लेखनिकाला उत्तर सांगणे ही वेगळी कला आहे. वाक्य मनात पूर्ण करायचे, विरामचिन्हांसह सांगायचे, लिहिलेले परत वाचून घ्यायचे, आणि नकाशाच्या प्रश्नाऐवजी येणारा पर्यायी प्रश्न ओळखायचा. दहावीच्या फेब्रुवारीत हे पहिल्यांदा करणारे मूल जादा वेळ अडखळण्यात घालवते. आठवीच्या घटक चाचणीपासून त्याच्याशेजारी खालच्या इयत्तेतले एक मूल लिहायला बसवले, तर तीन वर्षांत दोघांनाही त्याची सवय होते.