घराभोवतीचा उतार: शिरूर-दौंडकरांनो, पावसाआधी हे बघाच!

आपल्याकडे तळघरं फारशी नाहीत, पण जोत्याशी पोपडे धरलेल्या भिंती घरोघरी दिसतात. पाऊस बेताचा असूनही असं होतं, कारण घोड-भीमेकाठची काळी माती. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, वळवाचं पाणी त्यातून सरळ पायापर्यंत उतरतं. मग माती फुगते, वाळली की आकसते आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते. चासकमान किंवा मुठा कालव्याचं पाणी खेळवलेला ऊस भिंतीला लागून असेल, तर ओल बाराही महिने.

वॉटरप्रूफिंगवर खर्च करण्याआधी उतार तपासा. गवंड्याची पाण्याची नळी घ्या, एक टोक भिंतीशी, दुसरं 3 मीटरवर धरा. तिथली जमीन किमान 15 सेंमी खाली हवी. नसेल तर भिंतीलगतची काळी माती काढून मुरूम भरा. एकदम ओतू नका. 15 सेंमीचा थर, पाणी, धुमस, मग पुढचा थर. वर मीटरभर रुंद काँक्रीटची पट्टी बाहेरच्या उताराने ओता. ही पट्टी महत्त्वाची, कारण नुसत्या मुरमात पाणी मुरतं आणि खालच्या काळ्या मातीवर साचतं.

भराव जोत्याच्या वरच्या कडेपासून 15 सेंमी खालीच थांबवा. त्यावर माती चढली की ओल थेट भिंतीत शिरते. रस्ता उंच झालेल्या गल्ल्यांत हेच होतं. तिथे रस्त्याच्या बाजूने चर काढाच.

पत्र्याच्या पागोळ्यांना पन्हळ लावा. मोरीच्या पाण्यावरची केळ मात्र भिंतीपासून लांब हलवा.