रुग्णसेवेची खरेदी आणि हिंगोली जिल्हा

शासकीय रुग्णालयास दरवर्षी ठरावीक अनुदान मिळते. रुग्ण वाढले म्हणून ते त्याच प्रमाणात वाढतेच असे नाही. ही रीत बदलून शासनाने रुग्णासाठी उपचार विकत घ्यावेत आणि रुग्णालयांत चुरस निर्माण व्हावी, हा विचार १९८० नंतर विकसनशील देशांत बळावला. अनेक देशांनी मात्र त्यातील सोपी व कठोर बाजूच आधी उचलली : खुद्द रुग्णाकडून शुल्क घेणे. युगांडाने शासकीय दवाखान्यांतील शुल्क २००१ मध्ये रद्द केले, तेव्हा तेथे येणाऱ्या गोरगरिबांची संख्या लक्षणीय वाढली.

महाराष्ट्राने खरेदीचा मार्ग पत्करला. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली. शेजारचा नांदेड त्यांत होता; हिंगोलीस मात्र नोव्हेंबर २०१३ पर्यंत थांबावे लागले. २०१७ पासून ही योजना महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाते. प्रारंभी कुटुंबास वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळत; ही मर्यादा पुढे पाच लाखांवर नेण्यात आली. प्रत्येक शस्त्रक्रियेचा दर आधीच ठरलेला असतो व ती रक्कम रुग्णालयास परस्पर अदा होते. मूळ आखणीत तपासण्या, औषधे, रुग्णाचे जेवण, इतकेच नव्हे तर घरी परतण्याचे भाडेही त्या दरात धरले होते.

तथापि रुग्णालय म्हणजे आठवडी बाजार नव्हे. अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्येच दाखवून दिले की, आपणांस कोणता उपचार हवा हे रुग्णास ठाऊक नसते. ते सांगणारा आणि उपचार विकणारा एकच असतो. म्हणूनच नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी योजनेची मंजुरी घेण्याची अट आहे.

दुसरी अडचण अंतराची. चुरस लागण्यास किमान दोन रुग्णालये जवळ हवीत. सेनगाव वा औंढा नागनाथ तालुक्यातील रुग्णास मोठ्या शस्त्रक्रियेसाठी बहुधा नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते. सोबतच्या नातेवाइकाची बुडालेली मजुरी कोणत्याही दरपत्रकात नसते. खरेदीचा पैसा जेथे रुग्णालये आधीच आहेत तेथेच जातो. नवे रुग्णालय तो आपोआप उभारत नाही. ते काम शासनालाच करावे लागते. हिंगोलीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले, त्याचे महत्त्व या दृष्टीने आहे. योजनेतील शासकीय रुग्णालयासही केलेल्या उपचारांची रक्कम मिळते, हे अनेकांस ठाऊक नसते.

योजनेतील रुग्णालयात 'आरोग्यमित्र' नेमलेला असतो. शिधापत्रिका व ओळखपत्र घेऊन रुग्णाने प्रथम त्यालाच भेटावे आणि मंजूर उपचारासाठी कोणी पैसे मागितल्यास तेथेच तक्रार नोंदवावी, एवढी माहिती ग्रामपंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी गावोगावी पोहोचवावी.