कणगी आणि मापटे : प्रीपेड कार्डाचा विचारपूर्वक वापर

पैसा मिळवणे ही एक विद्या आहे आणि मिळालेला पैसा पुरवून वापरणे ही दुसरी. पहिल्या विद्येचे शिक्षण शाळा-महाविद्यालयांतून मिळते. दुसरीचे धडे मात्र बहुतेकांना घरातल्या ओढाताणीतूनच गिरवावे लागतात. निवासी विद्यालयात असताना जेवण, अंथरूण, वह्या-पुस्तके यांची काळजी संस्था वाहते. दहावीनंतर तोच विद्यार्थी पुण्यासारख्या शहरात पुढील शिक्षणासाठी जातो, तेव्हा आयुष्यात प्रथमच त्याच्या स्वतःच्या खात्यावर काही हजारांची रक्कम जमा होते. ती किती दिवस पुरवायची, कोणत्या खर्चाला आधी स्थान द्यायचे, हे सांगणारे वडीलधारे त्या वेळी जवळ नसते. अशा विद्यार्थ्याला आणि त्याच्या पालकांना उपयोगी पडू शकेल अशा एका साधनाची, म्हणजे प्रीपेड कार्डाची, ओळख करून द्यावी, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

उचल आणि भरणा

मांडवगण फराटा हे भीमाकाठचे, उसाच्या पट्ट्यातील गाव. या पट्ट्यात पैसा महिन्याच्या महिन्याला येत नाही. शेतकऱ्याला उसाचे बिल मिळते ते वर्षातून एकदा किंवा हप्त्यांनी. बीड, अहिल्यानगर या जिल्ह्यांतून येणाऱ्या ऊसतोड कामगाराची तऱ्हा त्याहून निराळी. त्याला मुकादमाकडून हंगामाआधीच ‘उचल’ मिळते. उचल म्हणजे घाम गाळण्यापूर्वी हाती आलेला पैसा. तो लग्नात, आजारपणात, जुन्या देण्यात संपून जातो आणि मग सहा महिने नवरा-बायकोचा कोयता ती उचल फेडण्यासाठी चालतो. हंगाम संपूनही हिशेब मिटला नाही, तर बाकी पुढच्या हंगामाच्या डोक्यावर बसते. या भागातील अनेक घरांनी हे चक्र जवळून पाहिले आहे.

बँकांच्या कार्डांकडे पाहताना हाच अनुभव कसोटीचा दगड म्हणून वापरता येतो. कार्डे दिसायला सारखीच असली, तरी त्यांचे तीन भिन्न प्रकार आहेत. क्रेडिट कार्ड ही उचल होय. त्यात बँक आधी पैसे देते आणि आपण नंतर फेडतो. मुदतीत पूर्ण रक्कम भरली नाही, तर व्याज लागते आणि अनेक कार्डांवर ते महिन्याला तीन टक्क्यांहून अधिक असते. डेबिट कार्ड आपल्या बचत खात्याला जोडलेले असते. खात्यात जेवढे असेल तेवढे सर्व त्या कार्डाच्या आवाक्यात येते. प्रीपेड कार्डात मात्र आधी आपण ठरावीक रक्कम भरायची आणि तेवढ्यापुरताच खर्च करायचा. ती संपली की कार्ड थांबते. कर्जही होत नाही आणि मूळ खात्यालाही हात लागत नाही.

ही कल्पना आपल्याला अपरिचित नाही. मोबाइलचा रिचार्ज हा आगाऊ भरणाच आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये टोलनाक्यांवर फास्टॅग सक्तीचा झाला. पुणे-सोलापूर महामार्गावर पाटसचा टोलनाका ओलांडणाऱ्या वाहनाच्या काचेवरील ती पट्टी बहुधा अशाच आगाऊ भरलेल्या रकमेतून पैसे वळते करते. पुणे मेट्रोचे ‘एक पुणे’ कार्ड याच कुळातील असून तेथे विद्यार्थी पासावर तिकिटात ३० टक्के सवलतही दिली जाते.

आपल्या जुन्या घरांत वर्षाचे धान्य कणगीत साठवलेले असे. पण भाकरीसाठी धान्य काढताना घरची बाई कणगीत हात घालून ओंजळीने उपसत नसे, मापट्याने मोजून घेत असे. बचत खाते ही आपली कणगी आहे आणि प्रीपेड कार्ड हे मापटे. मापट्यात धान्य साठवत नाहीत आणि कणगी उघडी टाकून कोणी झोपत नाही. या दोन गोष्टी लक्षात राहिल्या, तर पुढचे सारे विवेचन समजण्यास सोपे जाईल.

कायद्याची चौकट

भारतात या साधनांचे नियमन रिझर्व्ह बँक करते. त्यामागे २००७ चा पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा आहे. प्रीपेड साधनांविषयीचे सविस्तर निर्देश रिझर्व्ह बँकेने २७ ऑगस्ट २०२१ रोजी एकत्रितपणे प्रसिद्ध केले. त्यांतील सामान्य ग्राहकाच्या उपयोगाच्या तरतुदी थोडक्यात अशा :

केवळ मोबाइल क्रमांक पडताळून आणि किमान माहिती देऊन घेतलेल्या छोट्या साधनात कोणत्याही वेळी १०,००० रुपयांपेक्षा अधिक शिल्लक ठेवता येत नाही. त्यात महिन्याला १०,००० आणि वर्षाला १,२०,००० रुपयांपर्यंतच भरणा करता येतो. त्यातून रोख रक्कम काढता येत नाही आणि दुसऱ्याला पैसेही पाठवता येत नाहीत. पूर्ण केवायसी केलेल्या कार्डाची शिल्लक मर्यादा २,००,००० रुपये आहे. त्यातून रोख रक्कम काढण्याची आणि पैसे पाठवण्याची मुभा ठरावीक मर्यादेत मिळते. भेटकार्डाची, म्हणजे गिफ्ट कार्डाची, कमाल किंमत १०,००० रुपये असते. ते पुन्हा भरता येत नाही आणि त्यातून रोख मिळत नाही. त्यामुळे दैनंदिन खर्चासाठी कार्ड घेताना ते ‘गिफ्ट’ प्रकारचे नाही ना, हे आधी पाहावे.

कार्डातील शिल्लक रकमेवर व्याज मिळत नाही. बँकेतील ठेवींना ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण असते; बँकेतर कंपनीच्या प्रीपेड कार्डातील रक्कम मात्र ठेव मानली जात नाही. ग्राहकांचा पैसा अशा कंपनीने एका स्वतंत्र राखीव बँक खात्यात ठेवावा, असे बंधन आहे. म्हणूनच मापट्यात साठा करू नये. महिन्याला लागेल तेवढेच त्यात असावे.

एक उदाहरण : स्वाधारची रक्कम

शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना २०१६-१७ पासून सुरू आहे. पुण्यासारख्या शहरासाठी तीत वर्षाला भोजनभत्ता ३२,००० रुपये, निवासभत्ता २०,००० रुपये आणि निर्वाहभत्ता ८,००० रुपये, असे एकूण ६०,००० रुपये निश्चित करण्यात आले. ही रक्कम थेट विद्यार्थ्याच्या आधारशी जोडलेल्या बँक खात्यात येते. नियम व रकमा यांत बदल होऊ शकतो. म्हणून त्या-त्या वर्षी समाजकल्याण कार्यालयातून खात्री करून घ्यावी.

६०,००० हा आकडा एकदम पाहिला तर मोठा वाटतो. त्यातून निवासाचे २०,००० बाजूला काढले की भोजन व निर्वाह यांसाठी ४०,००० उरतात. बारा महिन्यांत विभागले तर महिन्याला सुमारे ३,३३३ रुपये आणि दिवसाला सुमारे ११० रुपये होतात. दोन वेळचे जेवण, चहा-नाश्ता, प्रवास, मोबाइलचा रिचार्ज, झेरॉक्स हे सारे या ११० रुपयांत बसवायचे आहे. हे गणित ज्याने पहिल्या दिवशी कागदावर मांडले, तो नवा मोबाइल घेण्यापूर्वी दोनदा विचार करील. ज्याने मांडले नाही, त्याला दिवाळीनंतर मित्रांकडे हात पसरावा लागेल आणि मेसची थकबाकी वाढली की अभ्यासावरचे लक्षही उडेल. पैशाअभावी शिक्षण अर्धवट सुटते, तेव्हा त्याची सुरुवात अनेकदा अशाच लहानशा थकबाकीपासून झालेली असते.

येथे प्रीपेड कार्ड उपयोगी पडते. रक्कम बचत खात्यातच राहू द्यावी. खोलीचे भाडे व मेसचे पैसे त्या खात्यातून थेट द्यावेत, कारण ते ठरलेले खर्च आहेत. उरलेल्या किरकोळ खर्चासाठी महिन्याच्या एक तारखेला ठरावीक रक्कम कार्डात भरावी. ज्याचा हात सैल आहे, त्याने महिन्याऐवजी दर सोमवारी आठवड्यापुरतीच भरावी. दुकानात, बसमध्ये, पुस्तकांच्या खरेदीत हेच कार्ड वापरावे. आठवडा संपण्यापूर्वी कार्ड रिकामे झाले, तर खर्च कोठे वाढला हे शोधावे. लगेच पुन्हा भरणा करू नये. योजनेची रक्कम हप्त्यांनी येते आणि पुढचा हप्ता लांबूही शकतो. म्हणून आलेल्या प्रत्येक हप्त्यातील निदान एक महिन्याचा खर्च न मोडता खात्यात राखून ठेवावा.

मोबाइलवर यूपीआय असताना वेगळे कार्ड कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. यूपीआय सोयीचे आहेच; पण ते मूळ खात्याला जोडलेले असले म्हणजे प्रत्येक चहाच्या कपासाठी आपण कणगीचेच तोंड उघडतो. पाच-दहा रुपयांचे व्यवहार दिसत नाहीत आणि महिनाअखेरीस बेरीज पाहून आश्चर्य वाटते. ज्यांना प्रीपेड कार्डाचे शुल्क परवडत नाही, त्यांना दुसरा मार्गही मोकळा आहे. दुसऱ्या बँकेत एक साधे बचत खाते उघडून, त्याचे यूपीआय किंवा रुपे डेबिट कार्ड केवळ दैनंदिन खर्चासाठी वापरावे आणि त्यात महिन्यापुरतीच रक्कम टाकावी. मापटे पितळेचे असो वा लाकडाचे, माप ठरलेले असले म्हणजे झाले. १० वर्षांवरील मुलांना स्वतः चालवता येईल असे बचत खाते बँका आपल्या धोरणानुसार देऊ शकतात, असे रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. त्यामुळे हा सराव शाळेत असतानाच सुरू करता येईल.

कार्ड घेण्यापूर्वी आणि घेतल्यानंतर

कार्ड घेताना शुल्काचा तक्ता मागून वाचावा. कार्ड देण्याचे शुल्क, वार्षिक शुल्क, दर भरण्याचे शुल्क, एटीएममधून पैसे काढण्याचे शुल्क, हरवल्यास नव्या कार्डाचे शुल्क आणि या सर्वांवरील जीएसटी, एवढ्या बाबी त्यात पाहाव्यात. महिन्याला ५०० रुपये भरणाऱ्याला दर भरण्यामागे २५ रुपये पडत असतील, तर त्याचा विसावा भाग खर्चाआधीच गेला, हे साधे गणित आहे. अशा वेळी कार्ड न घेणेच शहाणपणाचे.

कार्डाची मुदत शेवटच्या भरण्यापासून किमान एक वर्ष असावी लागते. मुदत संपण्यापूर्वी ग्राहकाला संदेशाद्वारे कळवणे कंपनीवर बंधनकारक आहे. मुदत संपली म्हणून पैसा बुडत नाही. ग्राहक तो परत मागू शकतो. मात्र त्यासाठी मोबाइल क्रमांक बदलल्यास तो कळवलेला असला पाहिजे.

पिन कार्डाच्या पाकिटावर लिहून ठेवू नये. पिन आणि ओटीपी कोणालाही सांगू नयेत, मग विचारणारा स्वतःला बँकेचा अधिकारी म्हणवत असला तरी. ५,००० रुपयांपर्यंतचे व्यवहार नुसते कार्ड टेकवून, पिनशिवायही होऊ शकतात. ही सोय नको असल्यास ती बंद करून घ्यावी. कार्ड हरवल्यास क्षणाचाही विलंब न लावता ते बंद करण्यास कळवावे. प्रीपेड कार्डाचा एक मोठा फायदा येथे दिसतो : चोराच्या हाती लागली तर फार तर त्या आठवड्याची शिल्लक लागते, वर्षाची रक्कम नव्हे. मेट्रो-बससारख्या कार्डांच्या चिपमध्ये साठवलेली रक्कम मात्र खिशातल्या नोटेसारखीच समजावी; हरवली की गेली.

आपली चूक नसताना कार्डातून पैसे गेले आणि कंपनीचा संदेश आल्यापासून तीन दिवसांच्या आत तक्रार केली, तर ग्राहकावर भार पडत नाही. बँकेतर कंपन्यांच्या साधनांबाबत ही तरतूद जानेवारी २०१९ मध्ये करण्यात आली. ऑनलाइन फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. कंपनीने तक्रार फेटाळली किंवा ३० दिवसांत उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. त्याच्या माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

समजीविता

पाली वाङ्मयातील अंगुत्तर निकायात दीघजाणू नावाच्या गृहस्थाला भगवान बुद्धांनी केलेला उपदेश आहे. ऐहिक जीवनात हित साधणाऱ्या चार गोष्टींत त्यांनी उद्योग, मिळवलेल्याचे रक्षण आणि चांगल्यांची संगत यांच्या जोडीने ‘समजीविता’ सांगितली आहे. आपली आवक आणि जावक ओळखून, ना उधळेपणाने ना कृपणपणाने, समतोल राहणे म्हणजे समजीविता. तेथे तराजू धरणाऱ्या माणसाचा दृष्टान्त येतो. कोणते पारडे किती झुकले, हे त्याला नजरेने कळते. अर्थशास्त्र हाच ज्यांच्या अभ्यासाचा विषय होता, ते डॉ. आंबेडकर १९१३ साली बडोदा संस्थानाची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन न्यू यॉर्कला गेले आणि त्या मोजक्या रकमेत त्यांनी कोलंबिया विद्यापीठातील शिक्षण केले. त्यांच्या हाती कार्ड नव्हते. हिशेब मात्र होता.

कार्ड हे केवळ साधन आहे. ते खर्चाला कुंपण घालील, पण कोणता खर्च गरजेचा आणि कोणता हौसेचा, हे ठरवणार नाही. त्यासाठी रोज रात्री पाच मिनिटे वहीत जमाखर्च लिहिण्याची सवय लागते. वसतिगृहातील वरच्या वर्गांच्या विद्यार्थ्यांना शिक्षकांनी अशी एक वही वर्षभर लिहावयास लावावी, आणि विद्यालयातून बाहेर पडताना दाखल्यासोबत शुल्काचा तक्ता वाचण्याचे व तक्रार नोंदवण्याचे ज्ञानही त्यांच्या पदरी द्यावे. ज्यांच्या आईवडिलांचे आयुष्य उचल फेडण्यात गेले, त्यांच्या मुलांनी ‘आधी भरणा, मग खर्च’ हा नियम अंगी बाणवला, तर शिष्यवृत्तीचा शेवटचा रुपया परीक्षेच्या शेवटच्या दिवसापर्यंत त्यांना साथ देईल.