ताटल्यांवरच्या करड्या रेघा

— बी. ए. भाग २

विषय वाचून काहींना हसू येईल. वार्षिक अंकात कविता असतात, सहलीचे वर्णन असते. भांडी घासण्यावर लेख सहसा कोणी लिहीत नाही. परंतु या विषयाने गेल्या दिवाळीत आमच्या घरच्या हिशेबात दीडशे रुपयांचा खड्डा पाडला, म्हणून मी त्याच्या मागे लागले.

माझी आई चार घरी धुणीभांडी करते. त्यांतील एका घरी पांढऱ्याशुभ्र चिनी मातीच्या ताटल्या आहेत. दिवाळीचे पाहुणे जेवून गेले आणि ताटल्यांवर शिसपेन्सिलीने ओढल्यासारख्या करड्या रेघा दिसू लागल्या. आईने तारेच्या घासणीने घासल्या, असे ठरवून त्या घरच्या बाईंनी पगारातून पैसे कापले. आई घरी येऊन एवढेच म्हणाली, "म्या तं नारळाच्या शेंडीनं घासते व बाई. रेघा कोठून आल्या काय मालूम!" आई खोटे बोलत नाही हे मला माहीत होते. पण बाईंना ते कसे पटवून द्यावे?

बी. एस्सी.च्या एका मैत्रिणीला विचारले, ग्रंथालयात दोन पुस्तके चाळली, आणि जे कळले ते असे. चिनी मातीच्या ताटलीवर जो चकाकणारा थर असतो, ती एक प्रकारची काचच होय. वाळूतील सिलिका आणि ती लवकर वितळावी म्हणून घातलेले क्षार यांची भट्टीत काच होते. (काच आणि क्षार हे शब्द आले की आपल्या जिल्ह्याच्या माणसाला लोणार आठवायचेच. तेथील सरोवराचे पाणी अतिशय खारट आणि क्षारयुक्त आहे. काच व साबण करण्यास लागणारा माल तेथे मिळतो, अशी नोंद सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने 'ऐन-ए-अकबरी'त केली आहे. पूर्वी तेथून खार काढीत असत. २०२० साली सरोवराला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला आहे.)

आता कोण कोणाला ओरखडतो हे पाहू. फ्रेडरिक मोहस या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने १८१२ साली कठीणपणाचे १ ते १० असे माप ठरविले. संगजिरे १, हिरा १०. त्या मापाने काच साधारण साडेपाच, चाकूचे पोलादही तेवढेच, आणि अॅल्युमिनियम, म्हणजे आपण ज्याला जर्मन म्हणतो ते, तीनच्याही खाली. ताटली डोळ्यांना गुळगुळीत दिसली तरी तिच्या थरावर बारीक खडबडीतपणा असतो. पांढरेपणासाठी घातलेले झिर्कॉनचे कण तर पोलादाहूनही कठीण. चमचा किंवा सुरी त्यावरून फिरली की थर कानशीसारखे काम करतो आणि धातूच झिजून ताटलीला चिकटतो. कागदावर पेन्सिल ओढल्यावर कागद फाटत नाही, शिसे मात्र उमटते, तसेच हे. म्हणजे ताटलीचे काही गेलेले नाही. गेले असेल तर चमच्याचे! ताटल्या जुन्या झाल्या की थर झिजून अधिक खडबडीत होतो, म्हणून जुन्या ताटल्यांवर रेघा लवकर पडतात.

खरा ओरखडा की नुसता डाग, हे नखाने कळते. रेघेवरून नख आडवे फिरवावे. अडखळले तर ओरखडा, न अडखळता सरकले तर बहुधा धातूचा डाग. मी सुट्टीत आईबरोबर त्या घरी गेले आणि नऊ ताटल्यांवर नख फिरवून पाहिले. एकाही रेघेवर ते अडखळले नाही.

काढण्याचा उपाय स्वस्त आहे. ताटली धुऊन तेलकटपणा घालवावा. दोन चमचे खायच्या सोड्यात थेंब थेंब पाणी घालून दाटसर लेप करावा आणि ओल्या मऊ फडक्याने रेघेवर गोल गोल चोळावा. सोड्याचे कण काचेपेक्षा पुष्कळ मऊ असल्याने ताटलीला इजा होत नाही. एवढ्याने न गेल्यास चिंच घ्यावी. लिंबाएवढी चिंच भिजवून तिचा कोळ रेघांवर लावावा, पंधरा मिनिटे ठेवावा, मग चोळून धुवावा. चिंचेत टार्टारिक आम्ल असते, ते चिकटलेला धातू सोडवते. पितळेचा तांब्या चिंचेने लखलखतो हे आपल्या घरी सर्वांनाच ठाऊक आहे. येथेही आम्लच कामाला येते. मात्र सोडा आणि चिंच एकत्र करू नये. फेस पुष्कळ येतो, पण दोघेही एकमेकांना मारून टाकतात आणि रेघ तशीच राहते.

तार, विटेची भुकटी, वाळू यांना चिनी मातीजवळ फिरकू देऊ नये. राखेतील क्षार तेलकटपणा चांगला काढतो, पण तिच्यात खडा असला तर थर खरोखरच ओरखडतो. सोनेरी काठ असलेल्या ताटलीला सोडा आणि चिंच दोन्ही काठापासून दूर ठेवून लावावीत, कारण तो मुलामा नाजूक असतो. मेलामाइनच्या ताटल्यांची गोष्ट निराळी. ते काचेचे नव्हे, प्लास्टिकसारखे मऊ असते, तेथे चमच्याचा ओरखडा खरा असतो आणि तो कशानेही भरून येत नाही.

आमच्या घरी स्टीलच्याच थाळ्या आहेत, तेव्हा हा प्रयोग बाईंच्याच ओट्यावर करावा लागला. पहिली ताटली सोड्याने निम्मी साफ झाली, उरलेले चिंचेने गेले. बाईंनी ती उजेडाकडे धरून दोनदा उलटसुलट केली, मग आपल्याच हाताने ताटलीवर चमचा ओढून पाहिला. रेघ उमटली. त्या काही बोलल्या नाहीत. उरलेल्या आठ ताटल्या मात्र आईपुढे ठेवल्या.

दीडशे रुपये अजून परत आलेले नाहीत. परतताना वाटेत आई म्हणाली, "चिंच बी आपलीच गेली."